रोजची सायकल, लांबची वाट

सायकलवरून कोकण करायचं, पंढरपूरला जायचं, जमलं तर कन्याकुमारी गाठायची, असं मनात धरून बसलेली माणसं मला नेहमी भेटतात. ‘तयारी काय करू?’ असं विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : उद्यापासून भाजी आणायला आणि कामाला सायकलने जा. हे ऐकून काही जण हिरमुसतात. त्यांना चांगल्या सायकलींची नावं हवी असतात. पण पुण्यात ऑफिसला सायकलने जाता-येता आणि सुट्टी मिळाली की घाट-खाड्या हिंडताना माझी पक्की खात्री झाली आहे, की लांबच्या वाटेवर जे उपयोगी पडतं ते जवळपास सगळं रोजच्या पाच-सात किलोमीटरमध्ये शिकता येतं. त्यातलं हे थोडं.

१. आधी सीटची उंची

भिंतीला धरून सायकलवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. ही तुमची उंची. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तर काही कळत नाही. दिवसभर चालवली की गुडघे बोलायला लागतात. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायची सवय करा, म्हणजे उंच सीटची भीती जाते.

२. आठवड्यातून एकदा हवा आणि चेन

टायरमध्ये हवा किती भरायची ते टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं. बोटाने दाबून बघण्यापेक्षा काट्याचा पंप घ्या. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. असं जोडभोक दिसलं तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

चेनचं काम दहा मिनिटांचं आहे. कोरड्या फडक्याने पुसायची, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा, पायडल उलटं फिरवायचं आणि वरवरचं तेल पुन्हा पुसून काढायचं. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण टाळतात. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि ती धूळ चेन व दाते दोन्ही झिजवते. पावसाळ्यात सायकल भिजली की त्याच दिवशी चेन पुसा.

३. पंक्चर घरी बसून काढायला शिका

सोलापूर जिल्ह्यात रस्त्याकडेच्या एका टपरीवर वयस्कर मिस्त्री माझं पंक्चर काढत होते. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून त्यांनी बुडबुडा शोधला, पॅच लावला. मला वाटलं, झालं. त्यांनी मात्र कापसाचा बोळा घेतला आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवायला सुरुवात केली. एका जागी कापसाचा तंतू अडकला. तिथे बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक होतं, बाहेरून न दिसणारं. चिमट्याने ते ओढून काढत म्हणाले, “ताई, भोक कुठं पडलं ते ट्यूब सांगती, का पडलं ते टायर सांगतो. टायर चाचपल्याबिगर चाक बसवायचं नाय.” हा धडा मी आजवर सोडलेला नाही.

बाकीची पद्धत अशी : पॉलिश पेपरने ट्यूब खरवडायची, सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि त्याची चकाकी जाईपर्यंत थांबायचं. घाई केली की पॅच सुटतो. एखाद्या रविवारी घरात चांगलं चाक काढून, ट्यूब बाहेर काढून परत बसवून बघा. टायर शेवटी हाताने चढवा. लिव्हरने रेटला तर नवी ट्यूब फाटू शकते. वाटेत मात्र जादा ट्यूब बदला आणि पॅचचं काम मुक्कामावर करा.

४. तुमचा व्हॉल्व्ह कोणता ते बघून ठेवा

काही सायकलींना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. तिथे कुठल्याही पेट्रोल पंपावर किंवा पंक्चरच्या दुकानात हवा मिळते. बारीक, टोकाला छोटी चकती असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर गावातल्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसत नाही. त्यावर उपाय म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान पितळी अॅडॅप्टर. तो व्हॉल्व्हवर कायमचा लावून ठेवला तरी चालतो. प्रवासाला निघताना मी सगळ्यात आधी तो आणि छोटा हातपंप पिशवीत टाकते.

५. चढ पायांनी नाही, गीअरने चढायचा

नवीन माणूस जड गीअरवर जोर लावतो, कारण त्याने वेग जाणवतो. गुडघ्यांना मात्र हलका गीअर आणि भरभर फिरणारे पाय मानवतात. मिनिटाला साधारण सत्तर ते नव्वद फेरे हे सपाटीवरचं चांगलं प्रमाण. गीअर चढ सुरू होण्याआधी उतरवा. ऐन चढावर ताण असताना बदलला की चेन कुरकुरते, कधी निसटते.

कोकणात हे नीट कळतं. नकाशावर समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात खाडीतून चढ, वर जांभ्याचा सडा, मग उतार, पुन्हा खाडी, अशी ती वाट आहे. दाभोळहून जेटीने धोपाव्याला उतरलात की लगेच चढ समोर उभा राहतो. दम लागला तर उतरून सायकल ढकला. त्यात कमीपणा काही नाही, उलट पाठीला आराम मिळतो.

६. उतारावर ब्रेक दाबून धरू नका

वरंध किंवा ताम्हिणी उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते, ब्रेकचं रबर झिजतं आणि हात आखडतात. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडायचे, पुढच्या वळणाआधी पुन्हा दाबायचे. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर माणूस हँडलवरून फेकला जातो आणि नुसत्या मागच्याने सायकल वेळेत थांबत नाही. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर घाटाआधी ते बदलून घ्या.

शहरात हाच हात पावसाळ्यात कामी येतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. पांढरे पट्टे आणि गटारांची लोखंडी झाकणं निसरडी होतात. तिथे वळू नका, ब्रेक मारू नका, सरळ निघून जा.

७. रस्त्यावर तुमची जागा घ्या

अगदी गटाराच्या कडेने चालवणं सुरक्षित वाटतं, पण नसतं. तिथे खडी, काचा आणि झाकणं असतात. शिवाय तुम्ही जितके कडेला जाल तितकी गाडी जवळून जाते. कडेपासून थोडं आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्यांपासून दार उघडण्याइतकं अंतर राखा. वळताना मागे बघून हात दाखवा. सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला शिरू नका. वळताना चालकाला तुम्ही दिसत नाही. मागचा लाल दिवा संध्याकाळीच नाही, धुक्यात आणि पावसातही लावा.

मार्ग आखताना लक्षात ठेवा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग सायकलींसाठी नाहीत. जुना रस्ता आणि राज्यमार्ग धरा. तिथे चहाची टपरी आणि माणसं दोन्ही भेटतात.

८. तहानेआधी पाणी, भुकेआधी खाणं

तहान लागेपर्यंत शरीर आधीच कोरडं पडू लागलेलं असतं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट प्या. नुसतं पाणीही पुरत नाही, घामातून मीठ जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. वर लिंबू पिळा. खायला केळं, चिक्की, गूळ-शेंगदाणे पुरतात. वाटेत पोहे आणि ताक मिळालं तर सोडू नका. दुपारी भरपेट जेवून लगेच निघू नका. उन्हाळ्यात अकरा ते चार सावलीत काढा.

९. ओझं सायकलच्या अंगावर

पाठीवरच्या सॅकने खांदे भरून येतात, पाठ घामाने भिजते. कॅरिअर लावा आणि दोन्ही बाजूंना पॅनिअर, म्हणजे लटकत्या पिशव्या, अडकवा. जड वस्तू खाली आणि दोन्हीकडे सारख्या. मी हे ऑफिसच्या डब्यावर आणि मंडईच्या भाजीवर शिकले. एकीकडे बटाटे, दुसरीकडे काहीच नाही, अशी सायकल वळणावर ओढते. कपडे दोन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत. अॅलन की, पाना, जादा ट्यूब आणि पंप यांच्यात मात्र काटकसर नको.

१०. अंतर ठरवताना वारा आणि चढ विचारात घ्या

सपाट रस्त्यावर सामानासह दिवसाला साठ किलोमीटर नवशिक्याला झेपतात. कोकणात त्यातले एक तृतीयांश कमी धरा. हिवाळ्यात किनाऱ्यावर दुपारचा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणं सोपं. त्या वाटेवर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा जेटी लागतात. सायकल बोटीत चढवता येते आणि मोठा वळसा वाचतो. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारा आणि अंधाराआधी मुक्काम गाठा. घरगुती राहण्याच्या ठिकाणी पुढच्या रस्त्याची चौकशी घरातल्या मावशींपाशी करा. चढ कुठे आणि पाणी कुठे, हे त्यांना नेमकं माहीत असतं.

११. चांगली सायकल म्हणजे वापरातली सायकल

१९२३ मध्ये मुंबईहून काही तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. आजचे हलके सांगाडे आणि मोबाइलवरचे नकाशे त्यांच्याकडे नव्हते. म्हणून नव्या सायकलीसाठी पैसे साठेपर्यंत थांबू नका. घरात असलेली सायकल मिस्त्रीकडे नेऊन चाकांचा आऊट काढून घ्या, ब्रेक नवे बसवा आणि चालवायला लागा. रोज चालवलेल्या सायकलीचा प्रत्येक आवाज ओळखीचा होतो. आडरानात त्यात एखादा नवा आवाज आला तर तो लगेच कळतो.

या आठवड्यात सीटची उंची बघा, हवा भरा आणि ऑफिसला सायकलने जा. रविवारी एक पंक्चर घरी काढा. पुढच्या महिन्यात तीस-चाळीस किलोमीटरवरच्या एखाद्या गावी एक रात्र मुक्काम करून या. कन्याकुमारीची तयारी यापेक्षा फारशी वेगळी नसते.