पलंगाचे सांधे आणि त्यांचें लोखंडी सामान

घरीं पलंग करावयाचा ठरला म्हणजे बहुतेक जण प्रथम लांकडाचा विचार करितात. सागवान परवडेल कीं नाहीं, फळी किती रुंद घ्यावी, पॉलिश कोणतें द्यावें, हें सारें ठरतें, आणि नट-बोल्टांची आठवण अगदीं शेवटच्या दिवशीं होते. पण पलंग फळींत क्वचितच मोडतो. तो मोडतो सांध्यांत.

जुन्या नवारीच्या पलंगाकडे पाहा. फळीच्या टोकाचा जो अरुंद भाग खुराच्या भोंकांत जातो त्यास सुतार कुसूं म्हणतात. त्या पलंगांत हीं कुसवें खुरांत नुसतीं बसविलेलीं असत. मग सांधा टिके कसा? नवार ताणून विणली कीं समोरासमोरचीं लांकडें एकमेकांकडे ओढलीं जातात, खूर आंत दाबले जातात आणि कुसवें आपोआप घट्ट राहतात. नवार सैल पडली कीं पलंग डुलूं लागे. ती ताणली कीं पुनः ताठ. आतां आपण नवारीऐवजीं लांकडी पट्ट्या टाकून वर गादी घालितों. पट्ट्या वजन पेलतात, परंतु ओढीत मात्र नाहींत. नवारीचें तें अर्धें काम आतां कोणी तरी केलेंच पाहिजे, आणि तें बोल्टानें करावयाचें असतें.

खिळ्यानें तें होत नाहीं. माणूस काठावर बसतो, उठतो, कूस बदलतो. प्रत्येक वेळीं सांधा किंचित् हलतो आणि गुळगुळीत खिळा किंचित् बाहेर सरकतो. स्क्रूची गोष्ट थोडी निराळी आहे. केरसुणीच्या जुडींत टोकाकडून सुई खुपसली तर ती सहज निघून येते. आडवी खुपसली तर काड्या तिला धरून ठेवितात. लांकडाचे तंतू असेच असतात. फळीच्या टोकांत मारलेला स्क्रू तंतूंच्या मधून जातो व त्याची पकड दुबळी राहते. तोच स्क्रू फळीच्या अंगांत आडवा मारला तर उत्तम धरतो. म्हणून पट्ट्या ज्यावर टेकतात ती दांडी फळीच्या आंतल्या अंगास स्क्रूनें बसवावी, पण फळी व खूर यांचा सांधा स्क्रूवर सोंपवूं नये. सरसानें सांधा पक्का होईल, परंतु मग पलंग सुटा करतां येणार नाहीं.

सुटा करण्याची गरज किती खरी असते, हें आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरचें उदाहरण सांगतें. त्याच्या आजीचें मांडीचें हाड मोडलें, आणि इस्पितळांतून घरीं आल्यावर जमिनीवर निजणें तिला मना झालें. वडिलांनीं पलंग घरींच करण्याचें ठरविलें. पण चाळीचा जिना अरुंद, तेव्हां तो चार तुकड्यांनीं वर न्यावयाचा होता. शिवाय म्हातारें माणूस उठतांना सारा भार एका काठावर देतें. तेथें सांधा लचकला तर पुनः इस्पितळ. बोल्ट किती लांब घ्यावा, हा प्रश्न घेऊन तो मुलगा मजकडे आला. तें गणित असें.

खूर ७० मिलिमीटर जाड. बोल्टाचें डोकें लपविण्यास बाहेरून १२ मिलिमीटर खोल खळगा केला, म्हणजे लांकूड उरलें ५८. डोक्याखालीं चकती २. फळीच्या आंतल्या बाजूस, टोकापासून ४० मिलिमीटरांवर, नटासाठीं खोबण. तेथें दुसरी चकती २ आणि नट सुमारें ७. एकूण १०९. नटाबाहेर दोन आटे दिसावेत, म्हणजे आणखी अडीच. तेव्हां ११० चा बोल्ट अपुरा. १२० चा घ्यावा, आणि त्याचें टोंक मोकळें राहील व नट हातानें बसवितां येईल इतकी, म्हणजे ३० मिलिमीटर लांब, खोबण ठेवावी. बोल्ट ८ मिलिमीटर जाडीचा पुरे. भोंक ९ चें. आंखूड कुसूं ठेविलें तर दर सांध्यास एक याप्रमाणें चार बोल्ट लागतात, कारण भार व पीळ कुसूं सोसतें आणि बोल्ट केवळ ओढून धरतो. कुसूं नसेल तर आठ.

चकतीला, म्हणजे दुकानदाराच्या वायसरला, कोणी मान देत नाहीं. पण १६ मिलिमीटर व्यासाच्या चकतीऐवजीं २४ ची घेतली, तर लांकडावर टेकणारी जागा सुमारें पावणेतीन पट होते. पैशांचा फरक नगण्य. लांकूड दबण्यांतला फरक मोठा.

आतां बाजार. मुंबईस नागदेवी स्ट्रीट, पुण्यास रविवार पेठेंतील बोहरी आळी येथें हें सामान मिळतें. लहान गांवीं शेतीच्या अवजारांचा दुकानदारही तें देतो. मात्र एक अडचण आहे. इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचें एक ठराविक माप सुचविलें, तें इंची. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं, तरी दुकानांत अजून ‘सूत’ चालतें. आठ सूत म्हणजे एक इंच. अडीच सुती बोल्ट जवळजवळ ८ मिलिमीटरच भरतो, पण त्याचे आटे निराळे. एकाचा नट दुसऱ्यावर फेरा-दीड फेरा चढतो आणि अडकतो; जोरानें पिळला तर दोन्ही वायां. म्हणून नट-बोल्ट एकाच दुकानांतून घ्यावे आणि प्रत्येक नट तेथेंच हातानें शेवटपर्यंत फिरवून पाहावा.

लोखंडावर जस्ताचा मुलामा असावा. हिरडा आणि लोखंड यांपासून पूर्वीं काळी शाई करीत. तुरट रसाच्या लांकडांत उघडें लोखंड ओल लागतांच तसाच काळा डाग पाडतें. कोंकणच्या खाऱ्या हवेंत स्टेनलेस पोलाद बरें. पितळ दिसतें सुंदर, पण तें मऊ; त्याचे लहान स्क्रू चालतील, आणि तेही आधीं बारीक भोंक पाडून, आट्यांना मेण लावून फिरवावेत, नाहीं तर डोकें तुटून हातांत येतें.

पावसाळ्यांत खूर जाडींत फुगतो आणि चकतीखालचे तंतू चेपतात. उन्हाळ्यांत तो आकसला कीं बोल्ट ढिला पडतो. ७० मिलिमीटरांत शेंकडा एक म्हणजे पाऊण मिलिमीटरास थोडें कमी, आणि ८ मिलिमीटरी बोल्टाचा एक फेरा सव्वा मिलिमीटर; म्हणजे सुमारें अर्धा फेरा पिळला कीं काम झालें. पहिल्या वर्षीं हें दोनदां करावें लागेल. पाना शोधण्यांत वेळ जातो, यास्तव तो पलंगाखालच्या पट्टीलाच दोरीनें बांधून ठेवावा, आणि शेजारीं एक जास्तीचा नट.