देवकुंडला जायचंय?

देवकुंडला पावसाळ्यात कसं जायचं, असं दर जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. जायचं नाही, एवढंच माझं उत्तर. मोबाइलवर फोटो पाहून हरखलेल्यांना ते पटत नाही. ताम्हिणीच्या पोटातल्या या धबधब्याची वाट तुडवून जे काही पदरात पडलं, ते असं:

१. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पावसाळ्यात रायगडचं प्रशासन बहुतेक वर्षी तिथे बंदी घालतं आणि त्यात काही चुकीचं नाही. जुलै २०२४मध्ये ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पुण्याला तेवढ्यासाठी जवळजवळ अख्खा पावसाळा लागतो. उन्हाळ्याचंही नाव नको. मार्च २०१७च्या अखेरीस पायथ्याच्या भिरा गावात ४६.५ अंशांची नोंद झाली होती आणि तेव्हा धारही बारीक झालेली असते.

२. या खोऱ्यात दोन पाणी आहेत, त्यांची गल्लत करू नका. भिऱ्यातून निघाल्यावर बराच वेळ वाट जलाशयाच्या कडेने सपाट जाते. ते निवांत पाणी बहुतांशी घाटावरचं, मुळा नदीचं. त्याच्या नशिबी खरं तर भीमेतून पूर्वेला बंगालचा उपसागर होता. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते अडवलं (सेनापती बापटांचा सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा), डोंगर पोखरून पश्चिमेला वळवलं आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. १९२७पासून हे चालू आहे. वीज करून झालेलं पाणी पुढे कुंडलिकेत जातं, कोलाडचं राफ्टिंगही त्याच्याच भरवशावर. हे पाणी कधी सोडायचं ते माणसं ठरवतात.

जलाशय मागे टाकून ओढ्यात पाय घातला की दुसरं पाणी सुरू होतं. त्याला वेळापत्रक नाही. ते घाटमाथ्यावरून येतं. तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन आणि वर ढग फुटलेला, असं परतीच्या पावसात दुपारनंतर सहज होतं. भिऱ्याचा एक वाटाड्या सारखा मान वर करून चालायचा. “वर काळं झालंय का बघा दादा, पायाखालचं मी बघतो,” म्हणायचा.

३. सकाळी ओढा ओलांडताना काठचा एखादा दगड हेरून ठेवा. परतताना तो बुडालेला दिसला, पाणी गढूळ झालं, पालापाचोळा नि काटक्या वाहून येऊ लागल्या, तर पाय घालायचा नाही. उंचावर सरकायचं आणि बसून राहायचं. हे ओढे भराभर चढतात, वरचा पाऊस थांबला की काही तासांत ओसरतातही. घात होतो तो “शेवटची बस चुकेल” या वाक्याने.

४. वाटाड्या गावातलाच घ्या. रानात गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या वाटा इतक्या फुटतात की मळलेली वाट हीच खरी, असा भरवसा धरता येत नाही. पैशांची घासाघीस करू नका. शनिवार-रविवारच्या गर्दीत तुमच्या आधी जाऊन प्लास्टिक टाकणाऱ्यांचा कचराही पुष्कळदा तीच माणसं उचलतात.

५. बूट जुने, तळव्याला पकड असलेले. नवे बूट लग्नाला घाला.

६. डोहाचा मोह आवरा. कातळावर युगानुयुगं धार आपटून तो खोदला गेला आहे. काठाशी गुडघाभर आणि दोन पावलांवर ठाव नाही, असा प्रकार. पाणी इतकं गार की पट्टीच्या पोहणाऱ्याचाही दम तुटतो, आणि तलावात पोहण्याची सवय इथे फारशी कामाला येत नाही. धारेखाली उभं राहणं तर निव्वळ वेडेपणा. पाण्याबरोबर वरून दगडही येतात. काठावर बसून पाय बुडवा, डबा खा. कंबरेला दोर बांधून दोघांनी धरलेला वीर पाहिला की मला तरी त्या दोघांची काळजी वाटते.

७. दोनच्या आत परतीला लागा. घळीत आणि गर्द रानात पाचलाच झाकोळतं, शेवाळलेला दगड मग दिसत नाही. गावात घरगुती जेवण मिळतं, पण किती पानं लागतील ते सकाळी निघतानाच सांगून ठेवावं लागतं. आयत्या वेळी पंधराजण दारात उभे राहिले, तर तांदळाच्या भाकऱ्या कोणी आणि किती थापायच्या?