गोडाऊनपर्यंत नेट कसे न्यावे? — वायफायचे ॲक्सेस पॉइंट वाढवताना घ्यावयाची काळजी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी अनेकांनी आता उसाच्या जोडीला रोपवाटिका, कृषी सेवा केंद्र, दूध संकलन असा काही ना काही जोडधंदा उभा केला आहे. सुरुवातीला एका खोलीत कारभार असतो, एक राउटर पुरतो. धंदा वाढला की मागे गोडाऊन होते, बाजूला शेड होते, आणि नेट मात्र पहिल्याच खोलीत राहते. मग माणूस मोबाईल उंच धरून अंगणात फिरू लागतो. हे आम्ही दुसऱ्याचे सांगत नाही. आमच्याच एका गट कार्यालयात हे घडले आणि आम्ही त्यात दोनदा चुकलो. त्या चुका आपल्या हातून होऊ नयेत, म्हणून हा पाठ.

काय घडले?

त्या गटात पुढे कार्यालय, मागे सुमारे ४० मीटरवर पत्र्याचे खत गोडाऊन आणि त्याच्या पलीकडे रोपवाटिकेचे शेडनेट आहे. अनुदानाचे खत द्यायचे तर ई-पॉस यंत्रावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यावा लागतो, आणि त्या यंत्राला नेट लागते. गोडाऊनात ते पोचेना. दिवस मोठ्या बांधणीचे. नत्राचा ४० टक्के हप्ता याच वेळी द्यायचा असतो, आणि वेळ टळली की पुढे खत घालून ती भरून निघत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच. एक ज्येष्ठ सभासद दोन दिवस हेलपाटे घालून रिकाम्या हाताने परतले. जाताना म्हणाले, "सायेब, अंगठा माझा, आधार माझं, खत तर समोर दिसतंय. मग अडलंय कुठं?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

पहिली चूक : दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही दोन रिपीटर आणले. मोबाईलवर रेंजच्या दांड्या पूर्ण दिसू लागल्या, पण काम पूर्वीइतकेच रखडे. कारण साधे आहे. साधा रिपीटर हवेतूनच ऐकतो आणि तेच पुन्हा हवेत बोलतो. ऐकणे आणि बोलणे एकाच वाटेवर चालल्याने वेग साधारण निम्मा होतो. एकापुढे दुसरा रिपीटर लावला की निम्म्याचा निम्मा. चारीच्या शेवटच्या टोकाला जे पाणी झिरपत आले, तेच उपसून पुढच्या रानाला देण्यासारखे हे झाले. दांड्या दिसतात त्या फक्त तुमच्या मोबाईलपासून रिपीटरपर्यंतच्या. रिपीटरला मागून किती मिळते, ते त्या दांड्या सांगत नाहीत.

दुसरी चूक : मग कपाटातला जुना राउटर काढून वायरीने गोडाऊनात जोडला. विचार बरोबर होता, जोडणी चुकली. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो आणि तो राउटर वाटतो. आता वाटणारे दोघे झाले. एकाच गटात दोन चिटबॉय आपापल्या मनाने तोडीच्या चिठ्ठ्या फाडू लागले तर कारखान्यावर जो गोंधळ होईल, तोच इथे झाला. कधी यंत्र चाले, कधी कार्यालयातला संगणकही बंद पडे.

आधी विहीर पाहा

ठिबकच्या भाषेत सांगायचे तर बाहेरून येणारे नेट म्हणजे विहीर, राउटर म्हणजे मोटार, वायर म्हणजे मेनलाइन आणि ॲक्सेस पॉइंट म्हणजे त्या रानातली लॅटरल. वायरीने आलेले नेट तेवढ्या भागात हवेत सोडणे, एवढेच ॲक्सेस पॉइंटचे काम. लॅटरल वाढवल्या म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. तेव्हा काही खरेदी करण्यापूर्वी एक संगणक वायरीने थेट राउटरला जोडून वेग मोजा. तिथेच संथ असेल तर दोष नेट देणाऱ्याच्या लाइनचा आहे. तो आधी निस्तरा.

मग जागेवर फिरा

वेग ठीक असेल तर आपल्या आवाराचा कच्चा नकाशा कागदावर काढा. मोबाईलमध्ये सिग्नलचा आकडा दाखवणारे फुकट ॲप मिळते. ते घेऊन, दारे लावून, गोडाऊन भरलेले असताना फिरा. रिकाम्या गोडाऊनात मिळालेला आकडा हंगामात टिकत नाही. आकडा उणे डीबीएममध्ये येतो. उणे ६७ किंवा त्याहून बरा, म्हणजे उणे ६० वा ५०, असेल तर काम नीट चालते. उणे ८० झाला की भरवसा धरू नये. प्रत्येक जागेचा आकडा नकाशावर लिहा. पत्रा लहरी परतवून लावतो, जाड दगडी भिंत त्या गिळते, पाण्याची टाकी आणि ओला हिरवा पाला त्या शोषतो. आमच्या गोडाऊनात नेट का जात नव्हते, हे कागदावर दहा मिनिटांत दिसले. चारही बाजूंनी पत्रा होता. बाहेरून कितीही जोर लावला तरी उपयोग नव्हता. यंत्र आतच बसवायला हवे होते.

वायर ओढताना

१) प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला राउटर किंवा स्विचपासून स्वतंत्र वायर द्यावी. कॅट-६ जातीची, बाहेर ऊन-पाऊस सोसणारी आणि पूर्ण तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण लांब अंतरावर दगा देते.

२) या वायरीची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे ऑप्टिकल फायबर घ्यावी. मध्ये रस्ता किंवा दुसऱ्याचे रान असेल तर समोरासमोर दिसणाऱ्या दोन छोट्या डिश बसवून ५ गिगाहर्ट्झवर जोडणी करता येते. मात्र दोन्हींच्या मध्ये झाड किंवा उंच ऊस येता कामा नये. उन्हाळ्यात बसवलेली डिश पावसाळ्याअखेर उसाआड जाते, हे ध्यानात ठेवावे.

३) वायर पाइपातून न्यावी आणि मोटारीच्या केबलपासून दूर ठेवावी.

४) दोन इमारतींच्या मध्ये वीज पडण्याचा धोका असतो. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून ती सर्वांत सुरक्षित. आम्ही अंतर कमी म्हणून तांब्याची वायर ओढली, पण दोन्ही टोकांना विजेच्या लाटेपासून संरक्षण देणारे उपकरण बसवून त्याला अर्थिंग दिले.

५) ॲक्सेस पॉइंटला वीजही याच वायरीतून देता येते. याला पीओई म्हणतात. त्याच्या सर्वसाधारण प्रकारात एका जागेला १५.४ वॅटपर्यंत वीज मिळते. स्विच आणि ॲक्सेस पॉइंट एकाच प्रकारचे आहेत ना, हे डब्यावर वाचून घ्यावे. काही स्वस्त यंत्रे २४ व्होल्टची असतात, ती ४८ व्होल्टच्या जोडीला चालत नाहीत. पीओईचा मोठा फायदा असा, की कार्यालयात राउटर आणि स्विचला एक छोटा यूपीएस लावला की वीज गेली तरी मागचे सगळे ॲक्सेस पॉइंट चालू राहतात. ई-पॉसला स्वतःची बॅटरी असतेच.

बसवणे आणि जुळवणे

ॲक्सेस पॉइंट खोलीच्या मध्यावर, उंच, मोकळ्या जागी बसवावा. लोखंडी कपाटावर किंवा पोत्यांच्या थप्पीआड नको. जुना राउटर वापरायचा असेल तर त्याच्या मांडणीत ॲक्सेस पॉइंट हा प्रकार निवडावा. तो नसेल तर क्रमांक वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे, त्याला मुख्य राउटरच्या क्रमांकाहून वेगळा क्रमांक द्यावा आणि वायर लॅनच्या भोकात घालावी. आमची दुसरी चूक एवढ्यानेच सुटली.

सगळीकडे वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा. मग मोबाईल चालता चालता जवळचे यंत्र आपोआप धरतो. वाहिन्या, म्हणजे चॅनेल, मात्र वेगवेगळ्या ठेवाव्यात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न घुसणाऱ्या तीनच वाहिन्या वापरतात : १, ६ आणि ११. कार्यालयाला १, गोडाऊनाला ६, शेडनेटला ११ अशी वाटणी करावी. आपल्या देशात हा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचा बराचसा पट्टा २०१८ साली विनापरवाना खुला झाला. म्हणजे हे गायरान आहे. कुणीही जनावर सोडावे, त्यामुळे दाटी होणारच. जवळच्या कामाला ५ गिगाहर्ट्झ वापरावा. तिथे दाटी कमी आणि वेग जास्त, पण भिंतीपलीकडे तो फार जात नाही.

आणि जोर कमी ठेवा. सगळी यंत्रे पूर्ण जोरावर ठेवली की ती एकमेकांवर ओरडतात. शिवाय मोबाईल दूरचेच यंत्र धरून बसतो, जवळचे घेत नाही. उसात दोन सरींत अंतर सोडले तरच फुटवा जोमदार होतो. दाट लावून टनेज वाढत नाही, हे आम्ही तुम्हांला वर्षानुवर्षे सांगत आलो. इथे मात्र आम्हीच विसरलो.

कुलूप

दुकानात आलेल्या माणसाला नेट द्यायचे असेल तर पाहुण्यांसाठी वेगळे नाव काढावे. बिलाचा संगणक आणि ई-पॉस त्यात येऊ देऊ नयेत. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. यंत्राचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो भिंतीवर खडूने लिहू नये, हे सांगायची वेळ आमच्यावर आली आहे.

शेवटी एक जुनी गोष्ट

सहकार आणि संगणक यांची ओळख जुनी आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत वारणेच्या सहकारी संस्थांच्या आधाराने 'वायर्ड व्हिलेजेस' प्रकल्प झाला आणि गावोगावच्या केंद्रांत ऊस उत्पादकांच्या नोंदींसाठी संगणक बसले. पुढे २००६ च्या सुमारास त्यांतल्याच काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले गेले, आणि ते जमले. शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती वेळेवर मिळाली पाहिजे, ही गरज होती. ती कोणत्या यंत्राने भागली, हा प्रश्न नंतरचा.

आमच्या गटात आता दोन ॲक्सेस पॉइंट आहेत, एक गोडाऊनात आणि एक शेडनेटजवळ. तिसरा विकत घेणार होतो, पण नकाशा पाहिल्यावर त्याची गरज उरली नाही. दोन्ही रिपीटर कपाटात पडून आहेत. ते ज्येष्ठ सभासद पुढच्या हप्त्याला आले, अंगठा ठेवला, पावती निघाली, पोती गाडीत गेली. "आता कुठं अडलं न्हाई," एवढेच म्हणाले.

तरी सभासद बंधू-भगिनींनी खरेदीला जाण्यापूर्वी आवाराचा नकाशा, त्यावरचे सिग्नलचे आकडे आणि इमारतींमधील अंतर मोजून लिहून ठेवावे. हा कागद खिशात असला की दुकानदार काय देतो यापेक्षा आपल्याला काय हवे, हे आपणच ठरवाल.

— ऊस विकास अधिकारी