नासरेथांतील तीस वर्षें

(वाचावयाचा भाग : लूक २:४०–५२, ३:२१–२३, ४:१–२१)

आपल्या प्रभूनें लोकांमध्यें उघडपणें सेवा आरंभिली तेव्हां त्याचें वय सुमारें ३० वर्षांचें होतें, असें लूक सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानांतील वल्हांडण सणांवरून ती सेवा सुमारें ३ वर्षें चालली असें बहुधा मानितात. म्हणजे उघड सेवेच्या एकेका वर्षामागें गुप्त तयारीचीं दहा दहा वर्षें गेलीं. जो जगाच्या तारणासाठीं आला त्याला देवानें इतका काळ एका लहानशा गांवीं कां ठेविलें? मंडळींत सेवा करूं इच्छिणाऱ्या प्रत्येकानें ह्याचा विचार करावा.

(१) कामाची शाळा. मार्क ६:३ ह्यांत गांवचे लोक प्रभूला सुतार म्हणतात. दुसऱ्या शतकांतील जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें लिहून ठेविलें आहे कीं, प्रभु नांगर व जूं तयार करीत असे. जूं नीट तासलेलें नसलें तर बैलाची मान कशी सोलवटते, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. पुढें ज्यानें कष्टी व भाराक्रांत जनांस आपलें सोयीचें जूं घेण्यास बोलाविलें, त्याला कष्ट म्हणजे काय हें ऐकून नव्हे, तर अंगमेहनतीनें ठाऊक होतें. ह्यास्तव हातांत कुदळ किंवा रंधा आहे म्हणून कोणीं आपणांस सेवेपासून दूर समजूं नये.

(२) शास्त्राची शाळा. अरण्यांत ४० दिवसांच्या उपासानंतर सैतानानें तीन वेळां परीक्षा केली, आणि तिन्ही वेळां प्रभूनें शास्त्रवचनानेंच उत्तर दिलें. तीं उत्तरें कोठलीं आहेत तें पाहा : अनुवाद ८:३, ६:१६ व ६:१३. ज्या सहाव्या अध्यायांतून दोन उत्तरें घेतलीं, त्यांतच देवाचीं वचनें घरीं बसतां, वाटेनें चालतां, निजतां व उठतां मुलांस शिकवावीं अशी आज्ञा आहे. अरण्यांत त्याच्यापाशीं ग्रंथाची गुंडाळी होती असें कोठें लिहिलेलें नाहीं. जें अंतःकरणांत सांठविलें होतें तेंच त्या घटकेस कामीं आलें. शब्बाथ दिवशीं सभास्थानांत जाण्याचा त्याचा परिपाठ होता, असेंही लूक ४:१६ ह्यांत आहे. लढाई अरण्यांत झाली, पण शस्त्रें नासरेथांत गोळा झालीं होतीं.

(३) पित्याची पसंती. यार्देनेंत बाप्तिस्मा घेऊन प्रभु प्रार्थना करीत असतां स्वर्गांतून वाणी झाली, आणि पुत्राविषयीं पित्यानें आपला संतोष प्रगट केला. त्या वेळीं प्रभूनें लोकसमुदायापुढें एकही उपदेश केलेला नव्हता. पहिलें चिन्ह तर पुढें काना येथें झालें, असें योहान २:११ वरून कळतें. मग पिता कशानें संतुष्ट झाला? आईबापांच्या आज्ञेंत राहून, निढळाच्या घामानें भाकर मिळवून, जीं वर्षें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत, तीं पित्यानें पाहिलीं होतीं. लोकांची वाहवा मिळण्यापूर्वींच ज्याला पित्याची पसंती मिळाली, त्याला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून ती मिळविण्याची गरज काय?

तथापि तयारीचें निमित्त सांगून घरीं बसून राहावें असा ह्याचा अर्थ नव्हे. समय आला तेव्हां प्रभूनें सुताराचें काम सोडिलें. आत्मा त्याला अरण्यांत नेऊं लागला तेव्हां तो गेला, आणि आत्म्याच्या सामर्थ्यानें गालीलांत परत आला. ज्या गांवच्या सभास्थानांत जाण्याचा त्याचा परिपाठ होता, तेथेंच उभें राहून त्यानें यशयाचा ग्रंथ वाचिला. देवाच्या आधीं धांवूं नये, आणि देवानें हांक मारिल्यावर मागें राहूं नये, हे दोन्ही धडे येथें आहेत.

प्रिय बंधुभगिनींनो, उपदेशकाचें भाषण मंडळी अर्धा तास ऐकते. त्याचें घर, शेत व व्यवहार गांव सहा दिवस पाहतें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनींही आठवड्यास एक वचन ऐकून पाठ करावें. आपलें नांव कोणी घेत नाहीं म्हणून खिन्न होऊं नये. देव ज्याला वापरणार त्याला आधीं एकांतांत घडवितो, आणि त्याच्या हिशेबीं तीं वर्षें वायां जात नाहींत.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न : १. आपल्या नित्याच्या कामांतून देव आपणांस कोणता धडा शिकवीत आहे? २. आज परीक्षा आली तर कोणतें वचन आपल्या तोंडीं येईल? ३. कोणी पाहत नसतां आपण जें करितों, त्याविषयीं पिता संतुष्ट आहे काय?