शिकारीचे रान आणि गवताचा हिशेब

‘शिकारीसाठी राखलेले खाजगी रान’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बंदूकच आली होती. या विषयाचे वाचन केल्यावर कळले, की बंदूक शेवटी; आधी गवत.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात बहुतेक जमीन खाजगी आहे. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण मात्र कायद्याने जनतेचे. जमीनमालक शिकाऱ्याकडून पैसे घेतो ते आपल्या रानात येऊ देण्याचे. म्हणूनच तो रान सांभाळतो. गुरे बेताने चारतो, आडोशासाठी झुडपांचे पट्टे राखतो, पाणवठे करतो, वारा पाहून वाळके गवत जाळतो. हरणांची मोजदादही होते. चारा पुरेल तितकेच प्राणी राहावेत म्हणून माद्याही मारतात. नाहीतर कळप रान ओरबाडून स्वतःच खंगतो. १९९५ मध्ये तेथील मतदारांनी कौल दिला, तेव्हापासून शेतजमिनीवर अशी कामे केली तरी शेतीची करसवलत टिकते. ठरलेल्या सात कामांपैकी निदान तीन करावी लागतात.

आपला काळवीट १९३२ मध्ये तेथे नेला गेला. तेथे त्याची शिकार बाराही महिने चालते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, ते योग्यच. पण माझे वडील ज्वारी राखत रात्री जागतात. भरपाई मिळाली तर ती पीक गेल्यावर. बांधावरचे गवत राखल्याबद्दल काहीच नाही. शिकार नको, पण राखणाऱ्याच्या पदरात काही पडावे, एवढा धडा आपण घ्यावा असे मला वाटते.