तेवीस टेक आणि एकेचाळीस जोड

चि. सोनूस,


तू पाठवलेला अभंग पोचला. मावशीने तो रात्री निजानीज झाल्यावर हेडफोन लावून चार वेळा ऐकला आणि सकाळी चहाआधी पाचव्यांदा. तेवीस टेक, त्यांतले वेचून काढलेले तुकडे, एकंदर एकेचाळीस जोड, आणि एवढं करूनही तुझं समाधान नाही, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. दादाचं म्हणणं, सगळं पुसून एका दमात पुन्हा गाऊ. तुझं म्हणणं, जोडता येतंय तर जोडायला हरकत काय? दोन दिवस तबल्याला कुणी हात लावला नाही असंही कळलं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी कानाला काय लागलं ते. सूर जागेवर आहेत, शब्द स्वच्छ आहेत. पण दुसरा अंतरा संपवून मुखड्यावर येतेस तिथे तंबोरा दचकतो. तंबोऱ्याचं यंत्र तुम्ही खोलीतच टेबलावर चालू ठेवलं होतं, त्यामुळे ते तुझ्या माइकमध्येही शिरलंय. पंचमाची तार वाजते, तिच्यामागून षड्जाची यायला हवी, तर पुन्हा पंचमच वाजतो. तुझा जोड नेमका तिथे आहे. ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्याची डोलणारी मान तिथे थांबेल.

दुसरी गोष्ट लयीची. टेकची यादी सोबत पाठवलीस ते फार बरं केलंस. मुखडा चौथ्या टेकमधला आहे, मिनिटाला ८६ मात्रांचा. अंतरा एकोणिसाव्या टेकमधला. तोवर तुम्ही दोघं चांगले तापला होतात, म्हणून तो ९२ मात्रांचा. भजनी ठेक्याचं आठ मात्रांचं आवर्तन पहिल्या लयीत सुमारे ५.५८ सेकंदांचं होतं, दुसऱ्या लयीत ५.२२ सेकंदांचं. फरक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. भजनात लय चढतेच, चढायलाच हवी; पण ती आवर्तनागणिक केसाकेसाने चढते आणि गाणाऱ्याबरोबर ऐकणाराही नकळत वर जातो. इथे तिने एकदम उडी मारली आणि ऐकणारा खालीच राहिला.

जोडण्याची सोयच नव्हती असाही एक काळ होता. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्याच्या हॉटेलात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा कर्ण्यासमोर गायचं, समोर मेणाची जाड तबकडी फिरायची आणि आवाज तिच्यावर कोरला जायचा. जागा जेमतेम तीन मिनिटांची. कोरलेलं मेण वाजवून बघावं तर चरे बिघडायचे, म्हणून आपण काय गायलो हे गायिकेला लगेच ऐकताही येत नसे. मेणं जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तबकड्या तिथे छापल्या जायच्या. टेक चांगला झाला की नाही, हे गाणं संपल्यावर तिथल्या तिथे, गाणाऱ्याच्या आठवणीवर आणि मुद्रकाच्या कानावर ठरायचं. पुढे अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या ७८ गतीच्या तबकड्या निघाल्या, त्यांतही अधेमधे कात्री लावायला वाव नव्हता. तास-दीड तासाचा राग तीन-साडेतीन मिनिटांत मांडायचा, तोही सलग. सुरुवात करतानाच शेवट कुठे येणार हे त्या मंडळींना ठाऊक असे, आणि ते त्यांच्या गाण्यात ऐकू येतं.

दादाला हे वाचून आनंद होईल. पण त्याने पुढचंही वाचावं.

ग्लेन गूल्ड हा कॅनडाचा पियानोवादक. १९६४ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ऐन कीर्तीत असताना त्याने जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि पुढचं आयुष्य स्टुडिओत घालवलं. बाखची अ मायनरमधली एक फ्यूग रचना मुद्रित करताना त्याने आठ टेक घेतले. त्यातले दोन, सहावा आणि आठवा, निर्दोष ठरले. काही आठवड्यांनी संकलनाच्या खोलीत ऐकायला बसल्यावर ध्यानात आलं, की दोन्ही कंटाळवाणे आहेत. सहावा गंभीर, एका सुरातून दुसऱ्यात सलग जाणारा. आठवा तुटक, उड्या मारणारा. एकच भाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत राहिला की तो फ्यूग थकवतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दोन्हींची लय जवळजवळ सारखी आहे. सुरुवात आणि शेवट सहाव्यातून घेतला, मधला फिरता भाग आठव्यातून. मैफलीत एका बैठकीला सुचलं नसतं असं वादन त्यातून तयार झालं. गूल्डने ही हकीकत १९६६ साली एका लेखात स्वतःच लिहिली, लपवली नाही. म्हणून जोडणं म्हणजे लबाडी, असं दादाने पुन्हा म्हणू नये.

पण सोनू, या गोष्टीतली एक बारीक बाब बघ. सहावा टेक पूर्ण होता, आठवाही पूर्ण होता. दोन्हींना स्वतःचा विचार होता, स्वतःचा शेवट होता. गूल्डने दोन अख्खी वादनं समोरासमोर बसवली. सुट्या ओळी पुढे-मागे चिकटवल्या नाहीत.

बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’चंही तेच. १९६६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात त्याची दोन निराळी रूपं तयार झाली. एक साधं, हलकं. दुसरं ट्रंपेट आणि चेलोंनी भरलेलं. जॉन लेननला पहिल्याची सुरुवात आवडली आणि दुसऱ्याचा शेवट. दोन्हींची पट्टी वेगळी, लय वेगळी. निर्माता जॉर्ज मार्टिन आणि रेकॉर्डिस्ट जेफ एमरिक यांनी एका टेपची गती थोडी वाढवली, दुसरीची कमी केली, आणि साधारण एका मिनिटावर दोन्ही जोडल्या. नीट कान दिला तर आजही तिथे रंग बदलतो. तो बदल खटकत नाही, कारण दोन्ही बाजूंना गाणं आहे.

आणि याच मंडळींनी ११ फेब्रुवारी १९६३ ला, एका दिवसात, आपल्या पहिल्या अल्बमची दहा गाणी मुद्रित केली होती. लेननला सर्दी झालेली. घसा फाडून गायचं ‘ट्विस्ट अँड शाउट’ म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलं. पहिला टेक झाला. दुसरा घेऊ गेले तर आवाजच उरला नव्हता. पहिलाच टेक तबकडीवर गेला. तो फाटका आवाज हीच त्या गाण्याची ओळख झाली. तुझ्या सातव्या टेकमध्ये शेवटच्या चरणाला आवाज किंचित चिरकलाय आणि तो टेक तू बाद केलास. तो मावशीला परत पाठव. त्यात तू कुणाला तरी हाक मारत होतीस.

घरचं म्हणून कमी दर्जाचं, हेही मनातून काढून टाक. अमेरिकेत लेस पॉल आणि मेरी फोर्ड हे जोडपं घरीच मुद्रण करायचं. त्यांचं ‘हाऊ हाय द मून’ १९५१ साली तिथे नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. टेपवर एक थर वाजवायचा, तो ऐकत त्यावर दुसरा चढवायचा. नवा थर चढला की जुनी टेप त्यात विरघळून जायची. दहाव्या थराला चूक झाली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. तुझ्यापाशी ‘अनडू’ आहे, त्यांच्यापाशी नव्हतं, म्हणून प्रत्येक थर आधी शंभरदा घटवून मग ते लाल बटण दाबायचे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, साध्या माइकवर गाणी गाऊन ठेवली. ती नुसती बँडला चाली कळाव्यात म्हणून. मग बँडसह स्टुडिओत तीच गाणी पुन्हा वाजवली, तर कॅसेटवरचा एकटेपणा काही केल्या येईना. शेवटी कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली.

आता हातातल्या कामाकडे. मावशी टेप कापायला शिकली तेव्हा पाव इंची टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकायची. अर्ध्या सेकंदाचा श्वास म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर टेप, जवळजवळ निम्मी वीत. रिळं हाताने मागे-पुढे करत जागा शोधायची, पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची, खाचेत टेप बसवायची आणि ब्लेडने ४५ अंशांत तिरकी कापायची. तिरकी का? सरळ कापली तर ‘टक्’ वाजतं. तिरक्या कापात एक आवाज मावळता मावळता दुसरा उगवतो. त्या गतीला हे साधारण ३३ मिलिसेकंद चालतं. तुझ्या पडद्यावर दोन तुकड्यांच्या सांध्यावर फुलीसारखा क्रॉसफेड दिसतो ना, तो हाच तिरका काप. दहा-वीस मिलिसेकंदांचा ठेवलास तरी बहुतेक ठिकाणी पुरतो.

त्या दिवसांतली एक चूक मावशी अजून विसरलेली नाही. एका भावगीतातले सगळे श्वास तिने खटकतात म्हणून कापून टाकले. टेप गुळगुळीत झाली. गायिका ऐकायला आली आणि दुसऱ्या कडव्यापाशी तिने स्वतःच्या नकळत खोल श्वास घेतला. तो तिच्या गाण्यातून नाहीसा झालेला श्वास होता. कापलेले तुकडे केराच्या डब्यातून वेचून, पुसून, एकेक परत बसवायला रात्र गेली. तुझ्या अभंगात उलट झालंय: पहिल्या अंतऱ्याआधी दोन टेकचे दोन श्वास एकामागे एक आलेत. एकच ठेव, आणि तो पुढच्या ओळीचा ठेव. श्वास कधीही येणाऱ्या ओळीचा असतो. किती मोठं गायचंय त्या मापाने तो घेतलेला असतो.

कापायची जागा व्यंजनात शोध. ‘विठ्ठल’ म्हणताना ‘ठ्ठ’पाशी जीभ टाळ्याला टेकते आणि क्षणभर आवाज बंद होतो. त्या बंद क्षणात कापलंस तर कुणाला पत्ता लागणार नाही. ‘स’, ‘श’ यांच्या सुसाटातही जोड लपतो. स्वर मात्र कापू नकोस. तिसऱ्या चरणात ‘आ’काराच्या मींडेच्या मधोमध जोड दिलायस, सूर दोन्हीकडे अचूक आहे, पण एका बाजूला तोंड जास्त उघडं आहे. तेवढ्याने गाणारी दोन माणसं झाली.

तुम्ही दोघं एकाच खोलीत, त्यामुळे तुझ्या माइकमध्ये तबला आहे आणि तबल्याच्या माइकमध्ये तू. नुसता तुझा ट्रॅक कापलास, की मागे दुसऱ्याच टेकचा डग्गा भुतासारखा घुमत राहतो. कापायचं तर दोन्ही ट्रॅक एकत्र, त्याच जागी, समेच्या जरा आधी. तंबोऱ्याचं यंत्र बाहेरच्या खोलीत ठेव आणि हेडफोनमधून ऐक. हवा तर नंतर वेगळ्या ट्रॅकवर अख्खा तंबोरा घाल. मग पंचम दचकायचा नाही.

शिवाय तुझे टेक तीन दिवसांचे आहेत. पहिल्या दिवशी तू माइकपासून वीतभर होतीस, तिसऱ्या दिवशी जवळजवळ ओठ टेकवून, म्हणून आवाज मध्येच जाड होतो. ‘महल’ १९४९ चा. त्यातल्या ‘आएगा आनेवाला’च्या सुरुवातीला लताबाई दूर उभ्या राहून गात गात माइककडे चालत आल्या, असं त्यांनीच सांगितलंय. ते अंतर त्यांनी गाऊन दाखवलं. तुझं अंतर नुसतंच हललंय. जमिनीवर खडूची रेघ ओढ आणि अंगठा तिथे ठेव.

मावशीचं सांगणं असं. एका बैठकीत चार टेक घ्या, पाचवा नको. प्रत्येक टेक पहिल्या मात्रेपासून शेवटच्या समेपर्यंत गायचा, मध्ये चुकलं तरी थांबायचं नाही. पुढे कापता येईल हे मनात आलं, की गळा ओळीपुरतंच गातो. एकोणिसाव्या टेकमध्ये तू तसं गायलीयस, ओळ संपली की तू तिथून निघून जातेस. ऐकायचं दुसऱ्या दिवशी, पडद्याकडे पाठ करून. चारांतला एक टेक तुला आपलासा वाटेल. तो मुख्य. त्यात जे खरोखर बोचतं तेवढंच बाकीच्या तिन्हींतून उसनं आणायचं. चार-पाच जागांच्या वर जावं लागलं, तर अभंग अजून गळ्यात बसलेला नाही. माइक झाकून आठवडाभर नुसता गा.

गुरुजींकडे ख्याल घेतेस तो मात्र जोडूच नकोस. आलापातली पुढची जागा आधीच्या जागेतून उगवते; काल गायलेल्या मध्यमावर आज गायलेला धैवत चढवला, तर बढत कुठली? तिथे बिघडलं ते बिघडलं, पुन्हा बैठक मांडायची. भावगीत, अभंग, चित्रपटगीत यांचा आराखडा आधीच पक्का असतो, म्हणून त्यांना जोड सोसतो.

जुने तेवीस टेक पुसू नकोस. सातवा तेवढा मावशीला लगेच पाठव. आणि रविवारी दादाला पहाटे पाचला उठव. तुमच्या इमारतीचा पाण्याचा पंप सहाला सुरू होतो, आणि बावीस नंबरच्या टेकमध्ये तो अंतऱ्याच्या खाली सरळ ऐकू येतोय. पंखा बंद, खिडकीवर गोधडी. तबला आदल्या रात्रीच त्या खोलीत नेऊन ठेवायला सांग, म्हणजे खोलीतल्या हवेला पुडी सरावेल आणि पहाटे सूर लावण्यात वेळ जाणार नाही.

तुझी,
मावशी