हृदयाचे दुखणे आणि घराण्याचा वारसा

आजोबांची उंची नातवात उतरली, आईचे डोळे लेकीत आले, असे आपण कौतुकाने सांगतो. काही दुखणीही याच वाटेने उतरतात. त्यांचा उच्चार मात्र घरात दबक्या आवाजात होतो. तरणाताठा मुलगा अकस्मात गेला की दैवाला बोल लावून आपण मोकळे होतो. मागे राहिलेल्या भावंडांची तपासणी करावी, हे सुचत नाही.

आनुवंशिक रोग हा विषय आपल्या भागास नवा नाही. दक्षिण गुजरातेत सिकल सेल या रक्तरोगाची तपासणी अनेक वर्षे चालू आहे. 1 जुलै 2023 रोजी तिला राष्ट्रीय मोहिमेचे रूप आले. सिकल सेलमध्ये आईबाप दोघेही वाहक असले, तरच रोगी मूल जन्मण्याची शक्यता चारांत एक असते. हृदयाच्या व संयोजी ऊतकाच्या कित्येक रोगांत हिशेब निराळा आहे. तेथे एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो आणि प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता असते. दोन मुलांत एक आजारी, एक निरोगी असा याचा अर्थ नव्हे. नाणे दर खेपेस नव्याने उडते.

मार्फान विकार हे याचे ठळक उदाहरण. पॅरिसचे बालवैद्य मार्फान यांनी 1896 साली लांबसडक बोटांच्या एका मुलीचे वर्णन केले. त्यामागील फायब्रिलिनचे जनुक 1991 साली निश्चित झाले. सुमारे पाच हजारांत एकास हा विकार असतो. अंगकाठी उंच व सडपातळ, हातपाय लांब, पाठीचा कणा वाकडा, डोळ्यातील भिंग सरकलेले, ही त्याची लक्षणे. खरा धोका महारोहिणीस असतो. हृदयातून निघणारी ही मोठी रक्तवाहिनी हळूहळू फुगते व एखादे दिवशी चिरते. चार रुग्णांपैकी सुमारे एकाच्या बाबतीत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. तेव्हा घराण्यात कोणी नव्हते, म्हणून निश्चिंत राहू नये.

हृदयाच्या स्नायूंसंबंधी 2009 साली भारतीय संशोधकांनी दाखविले की, एका जनुकातील पंचवीस अक्षरांची गळती आपल्या उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत आढळते. तिने धोका वाढू शकतो. पण ती असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. चाचणीचा कागद तज्ज्ञाने समजावून देणे अगत्याचे आहे, ते याचसाठी.

सल्ल्याची रीत सोपी आहे. प्रथम तीन पिढ्यांची वंशावळ मांडतात: कोण, कोणत्या वयात, कशाने गेले. मग रक्ततपासणी शक्यतो आजारी व्यक्तीपासून सुरू करतात. तिच्यात निश्चित दोष सापडला, तर नातलगांत नेमका तोच शोधता येतो. न सापडल्यास घराणे निर्दोष ठरत नाही. नातलगांनी हृदयाची सोनोग्राफी करीत राहावी.

कळून उपयोग काय, असे कोणी विचारील. मार्फानमध्ये औषधाने महारोहिणीवरील ताण कमी होतो, वेळीच शस्त्रक्रिया करता येते, जड वजने उचलणे टाळता येते आणि बाळंतपणाची जोखीम आधी तोलता येते.

सर्वांत कठीण गाठ लग्नाची. मुलीचे जुळणार नाही या भयाने रोग लपवितात आणि पुढे दोष सुनेच्या माथी येतो. जनुक कोणी निवडून घेत नाही. त्यात कोणाचेही पाप नाही. महोत्सवानिमित्त सारे कुटुंब एकत्र जमेल, तेव्हा वडीलधाऱ्यांस विचारून वंशावळ लिहून काढावी. चाळिशीच्या आत अकस्मात गेलेले एखादे नाव त्यात आढळल्यास ती वही घेऊन हृदयरोगतज्ज्ञाकडे जावे.